पाळीखालचा नेचा

गोंदियाचा रेल्वेचा साहेब यंदा बाडबिस्तरा गुंडाळून विलायतेला निघाला, तेव्हा बंगल्यातल्या कुंड्या त्याने ज्याला हव्या त्याला वाटून टाकल्या. माझा मुलगा चुन्नीलाल त्याच रेल्वेत कारकून आहे. त्याने एक कुंडी सायकलला बांधून कुडव्याला घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "पाह्य माय, नेचा म्हंतेत याले. साहेबाच्या घरची शोभा होती." मी पाहिलं. तीच कातरलेली पानं आणि मधोमध तोच तांबूस लव असलेला, आत गुंडाळलेला कोंब. म्हणे शोभा. माझ्या माहेरी हे झाड एकदा हिरवंगार दिसलं, तेव्हा सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चुन्नीलालला काय माहीत, तो तेव्हा जन्मायचा होता.

ते झाड माझ्या वहिनीने आणलं होतं. देवका तिचं नाव. गेल्या पौषात ती गेली, म्हणून आता तिची गोष्ट सांगायला हरकत नाही. ती असती तर म्हणाली असती, बाई, लोकांना दुसरी कामं नाहीत का.

आमचं गाव मोहटोला, नवेगावच्या अलीकडचं, जंगलाच्या कडेचं. आम्ही जातीने कोहळी. कोहळ्याला वेड दोनच, तलाव आणि ऊस, आणि तलावाशिवाय ऊस नाही म्हणून खरं वेड एकच. गावचा तलाव माझ्या पणज्याने बांधलेला. त्याची मातीची पाळ, आमच्या तोंडी पार, एवढी लांब की या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाला कुणी ओ देत नसे. ती पाळ सांभाळायचं काम पिढीजात आमच्या घराकडे होतं. माझे वडील केशोराव पाटील रोज सकाळी वहाणा हातात घेऊन पाळीच्या शेताकडच्या पायथ्याने अनवाणी चालत जायचे. भर उन्हाळ्यात पायाला कुठे गार लागलं की समजायचं, पाळ तिथे पाझरते आहे. डोळा फसतो, तळपाय फसत नाही, असं ते म्हणायचे. आम्हा पोरांना त्यांच्या जखमा-भेगांच्या तळव्यांचं हसू यायचं. आज मला तेच पाय पुन्हा एकदा चेपायला मिळावेत असं वाटतं.

देवका चिचगडकडची. तिथल्या जंगलात डोंगराच्या पोटात एक दरी आहे, लोक तिला थंडझिरा म्हणत. आमच्याकडचं जंगल फाल्गुनात पानं झाडून उघडंबोडकं होतं, पण त्या दरीतली झाडं बारा महिने हिरवी. खाली झऱ्याचं पाणी कधी आटत नाही आणि ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. देवकाची आई तिला घेऊन तिथे धुणं धुवायला जायची, आणि झऱ्याच्या दोन्ही काठांना माणसाच्या खांद्याएवढे नेचे. लग्न होऊन आली तेव्हा ती मला हेच सांगत बसायची. मीही लग्न झालेलीच, पण सासरची माणसं न्यायला यायची होती, त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. मी तिला चिडवायची, की वयनी, तुह्या गावात मानसं नाहीत काय, नुसते झाडंच आहेत?

माणसं होती ती एकेक करून गेली. तिचे वडील आधीच गेले होते, भाऊ नव्हताच, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आई गेली. आईच्या तेरवीला देवका गेली आणि परत येताना ओल्या फडक्यात बांधून नेच्याचे गड्डे घेऊन आली. आमच्यात रीत अशी, की माहेरचं कुणी न्यायला आलं तरच सुनेने माहेरी जायचं. न्यायला यायला कुणी उरलं नाही म्हणजे माहेर संपलं. ते गड्डे हेच तिचं माहेर होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, वेडी आहे.

तिने एक अंगणात लावला, तो बकरीने खाल्ला. एक विहिरीजवळ लावला, तो उन्हाने करपला. माझी माय म्हणाली, "कोनाचं लेकरू पोसल्यासारखं कायले करतेस वं? जंगलाचं झाड जंगलात." मला वाटलं, सगळेच गड्डे मेले, बरं झालं, आता ही माणसात येईल. पण एक गड्डा उरला होता. तो तिने कुणाला न सांगता पाळीच्या अगदी पलीकडच्या टोकाला, शेताकडच्या पायथ्याशी, करंजाच्या दाट सावलीत दोन दगडांच्या बेचक्यात लावला. तिकडे ऊस नव्हता, गुरंही जात नसत. तलावावर पाण्याला जाताना ती सकाळी एक घागर आणि संध्याकाळी एक घागर तिथे ओतायची. मला वाटायचं, वहिनीला पाण्याहून यायला एवढा वेळ का लागतो. माय म्हणायची, गप्पा मारत असेल. कुणाशी मारणार होती?

नेचा जगला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, गुऱ्हाळं संपली, चैत्र लागला, आणि तो नवे नवे कोंब सोडत राहिला.

चैत्रात एक दिवस बाबा रोजच्यासारखे पाळीखालून चालत त्या टोकाला गेले, आणि करंजाखाली त्यांच्या तळपायाला गार लागलं.

ते घरी आले ते खाटेवर बसलेच नाहीत. भोजराजदादाला, म्हणजे माझ्या भावाला, म्हणाले, "पारीखाली थंडझिऱ्याचं झाड उगवलं." जंगलातून सागाची लाकडं आणायला ते कितीदा गेले होते, त्यांनी झाड बरोबर ओळखलं. आमच्या आज्याचं एक सांगणं होतं, की हे झाड वाहत्या पाण्याशिवाय जगत नाही. ते चैत्रात जिथे हिरवं दिसेल तिथे खाली झरा आहे. सांगणं खरं होतं. जंगलात हे झाड पाहून आज्याने विहिरीच्या जागा दाखवल्या होत्या. पण ते झाड पाळीच्या पायथ्याशी हिरवं दिसणं म्हणजे तलावाचंच पाणी पाळीच्या पोटातून वाट काढतं आहे, पाळ आतून कुजली आहे. कोहळ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बाप ते झाड पाहून एवढा घाबरला नसता. दुसऱ्याने म्हटलं असतं, छान आहे.

संध्याकाळी चावडीपुढे गाव जमलं. बाबांनी सांगितलं, तलाव रिकामा करायचा, त्या टोकाची पाळ कापून पावसाळ्याआधी नवी बांधायची. तलावाच्या पोटात दगडी मोरी असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिची लाकडी बुचं एकेक करून जरुरीपुरती काढायची असतात. ती सगळी एकदम उपटायची, असं ठरत होतं.

सेवकराम उठला. गावात सगळ्यात जास्त ऊस त्याचा. "पाटील, ऊस कमरेएवढा उभा आहे. पानी सोडून देलं तं गावानं खावं काय? गुरं पेतीन काय?"

"आन श्रावनात पार फुटली तं खानारं कोन राहीन?" बाबा म्हणाले.

मनिरामचं घर पाळीच्या अगदी खाली. तो म्हणाला, "माह्ये लेकरं तिथंच निजतेत. सोडा पानी." त्यावर सेवकरामही खाली बसला. सकाळी बुचं काढायची ठरली.

मी घरात येऊन देवकाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने परात बाजूला सारली. मग तिने मला सांगितलं, सगळं, घागरींसकट. मी कपाळावर हात मारून घेतला. मला तिचा असा राग आला की काय सांगू, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी म्हटलं, "मी सांगते बाबाले." ती म्हणाली, "तुम्ही सांगान तं लोकं म्हनतीन, पाटलाची पोरगी घरचा ऊस वाचवून राहिली. मलेच बोलावं लागन."

बोलणार कशी? सासऱ्यापुढे सून तोंड उघडत नसे. लेकी बोले सुने लागे ही आमच्या घरात म्हण नव्हती, रोजचा व्यवहार होता. बाबांना तिला काही सांगायचं तर ते मला सांगायचे, मी समोरच बसलेल्या तिला सांगायची, ती मला उत्तर द्यायची. दोघांनाही सगळं ऐकू आलेलं असायचं. मला हसू यायचं आणि दोघांपैकी एकालाही येत नसे.

सकाळी माणसं सब्बल, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन पाळीवर जमली. देवका माझा हात धरून पाळ चढली, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सगळ्या गावातल्या पुरुषांसमोर ती उभी राहिली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला म्हणाली, "बाई, मामाजीले सांगा, पार धड आहे. ते झाड मी लावलं. मीच रोज पानी टाकून राहिली त्याले."

बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले, "मनकर्णा, तिले विचार, कवापासून?"

"मायच्या तेरवीपासून," ती म्हणाली.

सेवकरामाचा चेहरा उजळला. पण मनिराम म्हणाला, "सून तं पाटलाचीच आहे ना. ऊस वाचवाले बोलून राहिली असन. मी कायच्या भरवशावर निजू?" त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. एवढीशी घागर, एवढीशी पोर. पाणी तिचं की तलावाचं, कोण सांगणार?

बाबांनी एकदा तलावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाडालेच विचारू. आजपासून त्याले कोनी पान्याचा थेंब द्याचा नाही. अमावस्येपर्यंत पाहू. मेलं तं पार धड, आन सून खरी. जगलं तं पानी सोडू." आणि सब्बल खांद्यावर टाकून ते खाली उतरले.

मी देवकाकडे पाहिलं. पदरामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं.

आता तिचं काय टांगणीला लागलं होतं ते लहान पोरालाही कळत होतं. झाड मेलं तर तिचं माहेर मेलं. झाड जगलं तर गावाचा ऊस गेला, आणि भर गावात खोटं बोललेली सून म्हणून तिच्या नावाने लोक बोटं मोडणार. अशा सुनेला माहेरी पाठवून देतात, आणि हिला तर माहेरच नव्हतं. भोजराजदादा बिचारा बैलासारखा शांत माणूस. तो गोठ्यात जाऊन बसायचा आणि बैलांनाच चारदा पाणी पाजायचा.

देवका तिकडे गेली नाही. पाण्याला जाताना ती दुसऱ्या वाटेने जाऊ लागली. मी रोज जाऊन बघायची, आणि मी परत आले की ती चुलीपुढून मान न वळवता विचारायची, "मेलं काय, बाई?" पहिले काही दिवस ती हे असं विचारायची, की मी नाही म्हटलं की तिच्या जिवात जीव यायचा. पानं कडेने तपकिरी झाली. मग वाळून चुरगळली. पण मधला कोंब हिरवाच. दिवस गेले तरी हिरवाच. सेवकराम येता-जाता बाबांच्या तोंडाकडे बघेना झाला. मनिरामने लेकरं भावाच्या घरी निजायला पाठवली. बाबांनी टोपल्या आणि फावडी काढून ओसरीत मांडून ठेवली. आणि देवकाचा प्रश्न तोच राहिला, पण सूर पालटला. आता मी नाही म्हटलं की ती डोळे मिटून घ्यायची. ज्या झाडाला तिने दोन वेळ घागरी वाहिल्या, ते लवकर मरावं म्हणून ती देवापुढे हात जोडत होती. मी हे स्वतः पाहिलं, आणि त्या दिवशी मला देवाचाच राग आला.

त्यात एक दिवस दुपारी आभाळ भरून आलं आणि वळवाचे टपोरे थेंब पडू लागले. सगळं गाव घरात पळालं, आणि आमचे बाबा घरातली एकुलती एक छत्री घेऊन पाळीकडे धावत सुटले. मागून मी चटई घेऊन. त्या रोपाला पाऊस लागू नये म्हणून बाप-लेकी छत्री धरून बसलो, वर चटई. स्वतः बाबा निथळत होते. मला एवढं हसू फुटलं की थांबेना. बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग तेही हसले. पंधरवड्यात ते पहिल्यांदाच हसले होते.

अमावस्येच्या आदल्या दिवशी कोंबाने मान टाकली. अमावस्येला बाबांनी तो बोटांत धरून चुरला तर त्याची भुकटी झाली. मग त्यांनी गावासमोर तिथे सब्बल घातली. हातभर खणलं, गुडघाभर खणलं, कंबरभर खणलं. माती कोरडी ठाक. मनिरामने स्वतः खड्ड्यात उतरून तळाची मूठभर माती वर काढली, हातात चोळून पाहिली आणि बाबांच्या पायावर डोकं ठेवलं.

गावाला काय आनंद झाला म्हणता. सेवकरामाने घरून गुळाची ढेप आणून पाळीवरच फोडली. पाटलाची सून मोठी खरी, पाटलाची सून मोठी धीराची, असं जो तो म्हणू लागला. कालपर्यंत हीच तोंडं काय बोलत होती ते मला माहीत होतं. गाव म्हणजे असंच, गुळाला मुंगळे. बायकांनी देवकाच्या हातातही गूळ ठेवला. तिने तोंडात घातला, पण तो तिला गिळवेना. ती गालात तसाच धरून उभी राहिली आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडते आहे. बाबांना तसं वाटलं नाही.

रात्री जेवताना ते मला म्हणाले, "मनकर्णा, तिले विचार, तिच्या गावाले आता कोन आहे?"

"कोनी नाही, बाई," देवका म्हणाली.

"मंग ते झाड कायले आनलं होतं?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मायचा हात धरून जात होतो तिथं."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. नंतर ते म्हणाले, "तिले सांग, उद्या गाडी जुंपतो. न्यायले कोनी नाही म्हनते तं मी नेतो. मीच तिच्या मायकडचा समज." माय म्हणाली, अशी रीत नाही. बाबा म्हणाले, रीत मी पाहून घेतो. माझ्या बापाचा मला अभिमान वाटलेले प्रसंग पुष्कळ आहेत, पण त्या रात्रीएवढा कधी वाटला नाही.

आम्ही गेलो. एक मुक्काम वाटेत केला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी थंडझिऱ्याच्या वर गाडी सोडली. बाबा बैलांजवळ थांबले. वर ऊन असं की जमीन भाजत होती, आणि दहा पावलं खाली उतरलो तर अंगावर काटा आला. मी तोवर देवकाच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची. तिने निम्मंच सांगितलं होतं. हिरवा काळोख, पाण्याचा बारीक आवाज, आणि दोन्ही काठांना नेचे, माझ्या खांद्याच्याही वर गेलेले. देवका एका सपाट दगडापाशी गेली, त्याच्यावरून हात फिरवला आणि तिथेच बसून मोठ्याने रडली. घरी एवढे दिवस ती पदरात तोंड घालून रडत होती. मी तिला रडू दिलं. तिच्या अंगावर तो हिरवा उजेड पडला होता आणि ती केवढी लहान दिसत होती. आज मला डोळे मिटले की तीच देवका दिसते, शेवटच्या आजारपणातली दिसत नाही.

ती रडून होईपर्यंत मी एक लहानसा नेचा पाहून ठेवला होता. काटकीने उकरून मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढला आणि पदराचं टोक झऱ्यात भिजवून त्यात गुंडाळला. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मी तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "घे वयनी. यावेळी परसात लावू. मीबी पानी टाकीन. बाबाले सांगूनच लावू."

तिने तो माझ्याकडून घेतला. माझ्या पदराचं टोक उलगडून बघितला, त्याचा कोंब बोटाने एकदा कुरवाळला. मग गुडघ्यावर बसून मी उकरलेल्या त्याच खड्ड्यात तो ठेवला, माती लोटली आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबली.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "हे तिकडं हिरवं दिसलं का मले आता झोप येनार नाही. आपली पार आहे तिथं."